चुलीचा वैल

फार वर्षांमागे, माळावरच्या एका घरात मातीची चूल होती. तिच्या अंगालाच वैल होता. वैलाखाली वेगळी लाकडे घालत नाहीत; चुलीतली धग आतून येईल, तेवढ्यावरच त्याचे भांडे तापते.

त्या हिवाळ्यात सरपण फार थोडे उरले होते. कामाला निघताना केरबा बायकोला म्हणाला, "अनुसया, तो वैल आज बुजवून टाक. फुकट जाळ खातोय."

"ऐकलंस का रे आयतोबा?" चूल म्हणाली.

"ऐकलं, अक्का," वैल हळूच म्हणाला. "आजच्या दिवस तुझं उरलंसुरलं दे. माझ्यावर पाण्याचं पातेलं आहे."

संध्याकाळी भाकरी झाल्यावर अनुसयाने लाकडे ओढून विझवली आणि मग ती वैल बुजवायची माती कालवायला बसली. गार पाण्याने तिची बोटे बधिर झाली. तेव्हा तिने वैलावरचे ऊन पाणी घेऊन माती मळली.

तेवढ्यात केरबा काकडत आला. उरलेले पाणी तिने त्याच्या पायांवर ओतले.

"चूल तर विझली की! मग ऊन पाणी कुठलं?"

"ज्याला बुजवायला सांगून गेलात, त्याच्यावरचं."

केरबाने ती मळलेली माती उचलली आणि ज्या भेगेतून घरात वारा शिरायचा, ती दाराजवळची भेग लिंपून टाकली.

अनुसयाने आमटीचे भांडे वैलावर ठेवले.

"आयतोबा," चूल म्हणाली, "राखेखाली दोन निखारे झाकून ठेवलेत. घे, त्यांची जेवणं होईपर्यंत पुरतील."