कुमुदताईंचं लिंबू

"...मग ही कीड मारू तरी कशानं, तेवढं सांगा ना."

रणदिवेसाहेबांनी कुंडी निळोबुवांच्या पुढ्यात आदळली. मग स्वतःच घाबरून झाडावरच्या लिंबाला हात लावून पाहिला. लिंबू जागेवर होतं. माती मात्र ओट्यावर सांडली. मठाचा तो ओटा मी सकाळीच सारवला होता.

कुंडीत कमरेएवढं लिंबाचं झाड. पानांच्या पाठीला कापूस चिकटावा तशी पांढरी कीड. खोडावर मुंग्यांच्या रांगा, एक वर जाणारी, एक खाली येणारी. आणि शेंड्याच्या फांदीला ते एकच लिंबू, पिवळं व्हायच्या बेतात आलेलं.

"काय काय मारलंत?" बुवांनी विचारलं.

"निंबोळी तेल मारलं. साबणाचं पाणी मारलं. तंबाखूचं पाणी मारलं, घरभर वास. पावसाळ्यात तर जालीम औषध आणून मारलं. आठ दिवस जाते, नवव्या दिवशी हजर. बुवा, पस्तीस वर्षं मी कृषी खात्यात काढली. तालुक्यातल्या बागा वाचवल्या. आणि माझ्या गॅलरीतलं एक झाड..."



साहेबांनी त्या एका लिंबाखाली हात धरला.

"सात लिंबं धरली होती. सहा गळाली. बारा दिवसांनी कुमुदचं वर्षश्राद्ध आहे. तिच्या पानावर तिच्याच झाडाच्या लिंबाची फोड वाढायची, एवढंच माझ्या मनात आहे. आता औषध मारलं तर हे लिंबू पानात वाढता येत नाही. नाही मारलं तर तोवर हेही राहत नाही. काय करू?"

कुमुदताई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, दर गुरुवारी मठात यायच्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून मला भाजी निवडू लागायच्या. हे रोपही बुवांनीच त्यांना दिलेलं, तेलाच्या रिकाम्या डब्यातून. साहेब कधी फाटकाच्या आत आले नाहीत. बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवायचे.

"मला वाटतं, तुमचं रोपच मुळात कमजोर," साहेब म्हणाले.

"अकरा वर्षं कमजोर नव्हतं?"

"तेव्हा कीड नव्हती."

"का नव्हती?"

"ते मी काय सांगू? तुम्ही सांगा. एवढी कुंडी उचलून रिक्षातून आणली ती कशासाठी?"

बुवांनी खोडाकडे बोट केलं. "ह्या कोण?"

साहेबांचा आवाज लगेच शेतकरी मेळाव्यातला झाला. "मुंग्या. ही कीड गोड चिकटा सोडते, मुंग्या तो खातात. म्हणून तिला राखतात, उचलून नव्या पानावर नेऊन ठेवतात. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करायचा, कीड मग आपोआप आटोक्यात येते. हे मीच लोकांना शिकवत आलो."

"मग केलात?"

साहेब ओट्यावरची माती गोळा करू लागले.

"साहेब, मुंग्यांचा बंदोबस्त केलात?"

"नाही."

"का?"

साहेब कुंडीच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "ती रोज सकाळी इथं चिमूटभर साखर घालायची. मुंग्यांना. ती गेल्यापासून मी घालतो. एक दिवस चुकवलेला नाही."

मी कपाळावर हात मारला. वर्षभर मुंग्यांना बोलावून जेवायला घालायचं, आणि वर रिक्षा करून विचारायला यायचं. माझ्या तोंडून काहीतरी निघणारच होतं, तेवढ्यात बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेलो.

चहा घेऊन बाहेर आलो तरी दोघांचं तेच चाललेलं. आता बुवांचाही आवाज चढला होता.

"साखर घालायच्या. मग?"

"मग काय?"

"साखर घालून मग काय करायच्या?"

"काही नाही."

"काही नाही कसं? आठवा."

"अहो, आठवायचंय काय त्यात? ओलं फडकं घेऊन बसायची. एकेक पान पुसायची, वरून, खालून. अर्धा अर्धा तास. रोज. मी आत पेपर घेऊन बसलेला, गॅसवर चहाचं पाणी आटून चाललेलं. हाका मारून माझा घसा कोरडा पडायचा. कुमुद, चहा. तर म्हणायची, आले, दोन पानं राहिली. वैताग नुसता. पुन्हा हाक मारली तरी दोनच पानं राहिलेली. रोज दोनच. शेवटी मी..."



साहेबांनी एक पान उलटून पाहिलं. 

"साखर घालायला वेळ लागत नाही," ते हळूच म्हणाले.

बुवांनी हात लांबवून माझ्या खांद्यावरचं फडकं ओढलं. मी त्यानं गरम भांडी उतरवतो. ते त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

मला वाटलं, आता हा माणूस भडकणार. त्यांची बॅगसुद्धा आयुष्यभर शिपायानं उचललेली. पण साहेब गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. सगळ्यात खालचं पान धरलं आणि खसकन पुसलं. पान तुटून हातात आलं.

"हळू," बुवा म्हणाले.

दुसरं पान साहेबांनी तळहातावर घेतलं. कीड पुसली, फडकं धुतलं, पिळलं. तिसरं घेतलं. मुंग्या त्यांच्या मनगटावर चढत होत्या. त्या त्यांनी फुंकर मारून खाली उतरवल्या.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं. चहावर साय धरली. आलं घालून केला होता मी, चांगला दाट.

"साहेब, चहा," मी म्हटलं.

फडकं पुन्हा तांब्यात बुडालं.

"साहेब, चहा निवतोय. मी परत करणार नाही, सांगून ठेवतो."

त्यांनी मान वर केली नाही.

"आलो. दोन पानं राहिली."

अर्धं झाड राहिलं होतं. आपण काय बोललो ते साहेबांना त्यानंतर कळलं असावं, कारण त्यांचा हात थांबला आणि डोळे भरून आले. मग त्यांनी पुढचं पान धरलं.

मला राहवलं नाही. चहा गरम करून आणावा म्हणून मी कप उचलायला गेलो, तर बुवांनी त्यावर हात ठेवला.

"निवू दे."