सरकारांच्या आधी पांढरा

“आमच्या आधी हा पांढरा कोण?”

कासारखिंडीचे तात्यासाहेब सरकार मशीनपुढे कडाडले आणि टी-शर्ट छपाईचा अख्खा कारखाना थिजला. मशीन तेवढं फिरत राहिलं, कारण सरकार म्हणजे कोण हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मशीन चालवणाऱ्या गिरिजा हुक्केरीने लाल बटण दाबलं, तेव्हा तेही फुस्स करून गप्प झालं.

जहागीर जाऊन जमाना लोटला होता, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं सरकारांचं होतं. जत्रेत पालखीपुढे पहिले ते, पंगतीत पहिलं पान त्यांचं, लग्न कुणाचंही असो, त्यांच्या आधी अक्षता टाकायची कुणाची छाती नव्हती. जुन्या पागेत त्यांनी हा कारखाना काढला, मॅनेजरला ‘दिवाणजी’ म्हणायला लागले, आणि छपाई कशी चालते ते बघायला आज पहिल्यांदा आले. नेमके आजच जत्रेच्या स्वयंसेवकांचे काळे टी-शर्ट मशीनवर होते. छातीवर सरकारांच्या घराण्याचा केशरी सूर्य!

मशीन गोल, चौफेर फळ्या पसरलेलं. गिरिजाने एका फळीवर टी-शर्ट चढवायचा. फळी सरकून जाळीखाली जायची, वरून रबराची पट्टी सर्रकन रंग ओढायची, पुढे तापलेल्या दिव्याखाली तो जरा सुकला की दुसरी जाळी, दुसरा रंग. शेवटी टी-शर्ट शेजारच्या भट्टीतून निघाला की रंग पक्का. पहिल्या जाळीत पांढरा होता. केशरी त्याच्या मागे.

“सरकार, काळ्या कापडावर केशरी थेट उठत न्हाई,” गिरिजा म्हणाली. “कापड गिळून टाकतंय त्याला. म्हणून आधी पांढरा...”

“आधी! पुन्हा तोच शब्द! आमच्या सूर्याच्या आधी कुणी नाही. पहिला मान आमचा!”

“जी सरकार!” दिवाणजी म्हणाले. ते दुसरं काही म्हणाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गिरिजाने मुकाट्याने पांढरी जाळी उचलून ठेवली आणि नुसता केशरी मारून टी-शर्ट सरकारांपुढे धरला. सूर्य भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता.

“हा सूर्य? ही तर शेणी थापलीय!”

“सूर्यच हाय सरकार. ग्रहण लागलंय!”

मागे रंग कालवणाऱ्या बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. सरकार मात्र लालबुंद झाले.

“मग... पांढरे टी-शर्ट घ्यावेत का, सरकार?” दिवाणजी हळूच म्हणाले.

“आणि आमच्या माणसांना जत्रेत दृष्ट लागली म्हणजे? काळाच पाहिजे! उद्या दुपारी आम्ही येऊ. सूर्य लखलखला पाहिजे, आणि त्याच्या आधी कापडावर कुणी येता कामा नये. जमलं तर ठीक. नाहीतर परवापासून या मशीनवर दिवाणजींचा भाचा!”

जाळ्या धुण्यापासून सुरुवात करून गिरिजा या मशीनपर्यंत पोचली होती. त्याच्या नुसत्या आवाजावरून तिला त्याचं दुखणं कळायचं. आणि दिवाणजींचा भाचा? त्याने मागे एकदा फळीवर टी-शर्टाऐवजी स्वतःची बाही छापून घेतली होती!

सरकारांची पाठ वळताच दिवाणजी कानाशी आले. “अगं, गुपचूप मार की पांढरा. कोण बघतंय?”

“सरकार नखानं खरवडून बघतील! मग तुमचं-माझं दोघांचंबी ग्रहण सुटायचं न्हाई. त्यापरीस तुम्ही एक करा. उद्या सरकारांच्या बैठकीची गादी आन् लोड हितं पाठवा. चादर माझ्याजवळ द्या.”

दुसऱ्या दिवशी सरकार लवाजम्यासह आले. मशीनसमोर बैठक मांडली होती, पण गादी उघडीच. पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीवर तेलाचे डाग, एका कोपऱ्यातून कापूस डोकावतोय. शेजारी गिरिजा, काखेत परीटघडीची पांढरीशुभ्र चादर घेऊन अदबीने उभी.

“बसावं सरकार!”

“यावर?” सरकारांचा पाय हवेतच राहिला. “चादर कुठाय?”

“ही काय. सरकार बसले की मागनं घालते.”

“मागनं? आम्ही बसल्यावर? कुठे घालणार, आमच्या डोक्यावर?”

दिवाणजी लगबगीने पुढे आले. “अगं बये, घाल ती आधी!”

“नको बाई!” गिरिजाने चादर छातीशी घट्ट धरली. “सरकारांच्या आधी ही गादीवर गेली, तर पहिला मान हिचा व्हायचा. सरकारांचा हुकूम हाय!”

“अगं, चादरीला कसला आलाय मान?” सरकार गरजले. “ती अंथरतात ती आमच्यासाठी! चादर आधी आली म्हणून ती काय सरकार होते? तिच्यावर बसतो तो सरकार! चादरीशिवाय बसतो तो हमाल!”

“मग सरकार,” गिरिजाने हात जोडले, “तुमच्या सूर्यालाच तेवढं हमालासारखं का बसवताय? त्यालाबी चादर घालू द्या की!”

दिवाणजींनी ‘जी’ म्हणायला तोंड उघडलं, पण कुणाच्या बाजूने म्हणावं ते न कळून तसंच मिटलं. सरकारांनी गादीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, पहिल्या जाळीतल्या पांढऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. आणि ते असे खदखदून हसले की पागोटं सावरायला दोन्ही हात लागले.

“घाल! घाल चादर! गादीलाही घाल आणि सूर्यालाही!”

गिरिजाने हिरवं बटण दाबलं. आधी पांढरा, मग केशरी, आणि काळ्या कापडावर सूर्य असा लखलखला की मागच्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

“दिवाणजी, लिहून घ्या,” सरकार डोळे पुसत म्हणाले. “आजपासून छपाईची मुख्य गिरिजा. या पागेत पहिला शब्द तिचा, आमचा तिच्या मागे. आणि हा पहिला टी-शर्टही तिचाच!” असं म्हणून त्यांनी तो फळीवरून ओढायला हात घातला.

“हां हां, सरकार! हात नका लावू, रंग ओला हाय! भट्टीतनं निघू द्या आधी!”

सरकारांनी हात मागे घेतला आणि भट्टीच्या तोंडाशी जाऊन निमूट उभे राहिले.