शेवरगडाचे कडे

शेवरगडाच्या महादरवाजापाशी पर्यटक पोचले, की धोंडूमामा येसरे त्यांना आधी दाराच्या बाहेरच्या अंगाला नेतात. फळ्यांवर छातीच्या उंचीला कुऱ्हाडीचे घाव आहेत. "फोटो नंतर काढा," ते दटावतात, "आधी हात लावून बघा." मग दादनाकाची हकिगत सुरू होते.

वेढ्याचा चौथा महिना होता म्हणे. टाक्यांतले पाणी तळाला गेले होते. जानू नाईक अकरा गडी घेऊन गनिमाचे मोर्चे जाळायला उतरला. मोर्चे पेटले, पण परतताना पाठलाग लागला. दाराच्या आत दरवान दादनाक महार अडसरावर हात ठेवून उभा होता. फटीतून त्याला पुढे जानू दिसला, आणि त्याच्या पाठीवर शे-दीडशे तलवारी.

"दादा, दार उघडू नकोस!" जानू ओरडला. "आमच्याबरोबर हेही आत शिरतील!"

"नाईक, दिंडीच्या लहान दारातून एकेक या..."

"हुकूम आहे माझा! पाठ लाव दाराला!"

दादनाकाने पाठ लावली. कुऱ्हाडीच्या एकेका घावाचा हादरा त्याच्या बरगड्यांत उतरत होता. बाहेरून जानूच्या शिव्या ऐकू येत होत्या. मग त्याही थांबल्या. बुरुजावरच्या तोफेचा मारा सुरू होईपर्यंत दार टिकले. बाराजणांतला एकही परतला नाही.

पुढे वेढा उठला. दरबारातून एक सरदार सोन्याचे कडे घेऊन आला. ऐन प्रसंगी खंबीर हुकूम देऊन गड राखणाऱ्यासाठी ते होते. सदरेवर नाव पुकारले गेले ते गडाचा कारभार पाहणाऱ्या हवालदाराचे, संभूरावाचे. लढाईची हकिगत त्यानेच लिहून पाठवली होती. लढायचे एकाने आणि कागदावर उतरायचे दुसऱ्याने, ही रीत तेव्हाही होती.

दादनाक पायरीखाली उभा होता. तोंड उघडलेस तर कडेलोट, असे हवालदाराने त्याला सकाळीच बजावले होते. गप्प राहिला, तर जानूचा हुकूम कायमचा दुसऱ्याच्या मनगटावर चढणार होता. संभूरावाने हात पुढे केला.

"सरकार," दादनाक म्हणाला, "दारावर घाव पडत होते, त्या वेळी आपण कुठे होता?"

"दादनाका, पायरी सोडू नकोस!"

"मी दाराला पाठ लावून होतो. आपण?"

संभूरावाने पुढे केलेला हात खाली घेतला. मागून म्हातारा कोठीवाला खाकरला. "अंबारखान्यात होते, नाचणीच्या कणगीमागे. दोन तांबे पाणी मीच नेऊन दिलं, तेही पुरलं नाही."

सरदाराने कडे मागे घेतले आणि दादनाकापुढे धरले. त्याने हात जोडले. "हुकूम नाईकांचा होता. मी फक्त पाळला." ते कडे जानूच्या घरी गेले. हवालदार बदलला. दादनाकाला काय मिळाले, ते कोणत्याही कागदात सापडत नाही, असे सांगताना धोंडूमामांचा आवाज चढतो.

आजही खोऱ्यातला कोणी सैन्यातून पदक घेऊन आला, की दसऱ्याला गाव त्याला चांदीचे कडे घालते. त्याआधी दादनाकाच्या घरातले माणूस त्याच्यासमोर उभे राहते. सध्या तो मान शेवंताबाईंचा आहे. पदक केवढेही असो, त्या एवढेच विचारतात, "त्या वेळी तू कुठे होतास?" गेल्या दसऱ्याला एक बडे साहेब उत्तर न देता गाडीत जाऊन बसले. शेवंताबाईंनी कडे पदरात बांधले आणि त्या घरी गेल्या.