एका कडेची खळ

“एकाच कडेला खळ का लावलीत, बाबा?”

जयवंत घोसाळकर उंबऱ्यातूनच विचारत होता. चपला काढायचंही भान नव्हतं साहेबांना. काखेत संविधानाची प्रत, आणि एका पानात बोट अडकवून ठेवलेलं.

कुतुबबाबांनी मान वर केली. “आधी बस.”

दर्ग्याच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाबांची एवढीशी खोली. बाबा अर्धे फकीर आणि अर्धे पुस्तकं बांधणारे. खाडीकाठच्या त्या छोट्याशा प्रजासत्ताकात घटनादुरुस्ती झाली, की बदललेल्या शब्दांच्या छापील पट्ट्या त्यांच्याकडे यायच्या. बाबा त्या जुन्या शब्दांवर चिकटवून द्यायचे. नवं पुस्तक छापायला वर्ष लागे. पट्टीचं काम चार दुपारींत उरकायचं.

जयवंत अक्षरं शिकला ती याच सतरंजीवर. चिकटवायला मात्र कधी जमलं नाही त्याला. त्याची पट्टी वाकडी बसायची, मधेच फुगायची, दुसऱ्या दिवशी निघून हातात यायची. “हात कच्चा आहे,” एवढंच बाबा म्हणायचे. आता तो विधी खात्यात कायद्यांचे मसुदे लिहायचा, आणि तिथे त्याच्या हाताला कच्चा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तो बसला. बसताना एकदा मागे वळून गल्लीकडे पाहिलं.

“हुकूम स्पष्ट होता, बाबा. पट्टी पूर्ण चिकटवायची. खालचं दिसता कामा नये. या इथे रचलेल्या दोनशे बारा प्रती आहेत, आणि एकजात सगळ्यांच्या पट्ट्या उचलल्या की वर येतात!”

“येतात खऱ्या.”

“का पण?”

“लिहिणारा माणूसच ना? चुकला, तर मागे जायला वाट नको?”

जयवंत हसला. हसू जरा जास्तच मोठ्याने आलं.

“यात चूक नाही. हे कलम मी लिहिलंय. एकही हक्क काढून घेतलेला नाही. आधी होतं, ‘अटक केलेल्या प्रत्येक नागरिकाला एका दिवसाच्या आत न्यायाधीशासमोर उभे करावे.’ त्यातले तीनच शब्द बदलले. ‘एका दिवसाच्या आत’ काढलं आणि तिथे घातलं, ‘शासनास योग्य वाटेल तेव्हा’. तिनाच्या जागी चार. उलट एक शब्द वाढवूनच दिला!”

बाबा हसले नाहीत.

त्यांनी प्रत पुढे ओढली आणि नखाने पट्टी उचलली. खाली आणखी एक पट्टी होती, पिवळी पडलेली.

“वाच.”

“एका दिवसाच्या आत.”

बाबांनी तीही उचलली. खाली मूळ छपाई होती.

“वाच.”

“आठ दिवसांच्या आत.”

“म्हणजे ही पिवळीसुद्धा दुरुस्तीच. हीही मीच लावली. तू सात वर्षांचा होतास.” बाबांनी दोन्ही पट्ट्या हलकेच खाली सोडल्या. “सूतगिरणीच्या संपात तुझ्या वडिलांना धरलं होतं. कितव्या दिवशी घरी आले?”

जयवंतला आठवत होतं. आई याच खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

“दुसऱ्या.”

“महिनाभर आधी धरलेला त्यांचा जोडीदार आठव्या दिवशी आला. चालत नाही आला.”

…

बाहेर कुठेतरी सायकलची घंटी वाजली. जयवंत दचकला.

“सारखा गल्लीकडे काय बघतोस?”

“काही नाही.”

“बेटा…”

“आमचे सचिवसाहेब कालपासून घरी नाहीत,” जयवंत म्हणाला आणि मग भडाभडा बोलत सुटला. मसुद्यावर दोघांच्या सह्या होत्या. कलम काल सकाळी लागू झालं. दुपारच्या बैठकीत सचिवांनी म्हणे कसलीशी शंका काढली, आणि संध्याकाळी त्यांच्या दारात गाडी आली. आज सकाळपासून त्यांच्या बायकोचे चार फोन येऊन गेले होते. चौथा त्याने उचललाच नव्हता.

“कुठे ठेवलंय त्यांना?”

“सांगत नाहीत.”

“न्यायाधीशापुढे कधी नेणार?”

…

उत्तर जयवंतने स्वतःच लिहिलेलं होतं.

“घाबरलास,” बाबा म्हणाले.

“हो.”

“मग वाट का बुजवतोस?”

“नाही बुजवली तर पहिला संशय माझ्यावर येईल! संध्याकाळी या प्रती सभागृहात वाटायच्या आहेत. सगळ्या पक्क्या करून नेल्या, तर माझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही. पाया पडतो तुमच्या. करून द्या.”

बाबांनी खळीचं भांडं आणि कुंचला त्याच्या पुढ्यात सरकवला, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

जयवंतने बाह्या सरसावल्या.

भीतीने माणसाचे हात कापतात म्हणे. त्याचे कापले नाहीत. पट्टी उचलायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ फिरवायची, वरून हाडाची गुळगुळीत पट्टी दाबून ओढायची. कुठे सुरकुती नाही की फुगा नाही. एकेक प्रत तो दारातल्या उन्हात उघडी ठेवत गेला. मधूनच बाबांकडे बघायचा. काहीतरी म्हणतील, निदान चूक तरी काढतील, असं त्याला वाटत होतं. बाबांचे हात मांडीवरच होते. नववी प्रत होईतो पहिली खडखडीत वाळली होती.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली.

आधी दार उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. मग बुटांचा.

दारात एक पोरगेलासा अधिकारी उभा राहिला. उन्हातल्या प्रतींवर पाय पडू नये म्हणून बिचारा अंग चोरून उभा होता. “घोसाळकरसाहेब ना? जरा यायचंय.”

“कशासाठी?”

“तिथे कळेल म्हणाले.”

“किती वेळ लागेल?”

अधिकारी खरोखरच विचारात पडला. “ते काही सांगितलेलं नाही, साहेब. पूर्वी सांगायला लागायचं.”

जयवंत उठला नाही. त्याने उन्हातली पहिली प्रत ओढून घेतली, पान काढलं आणि पट्टीच्या कडेला नख घातलं. कड हलली नाही. दुसऱ्या बाजूने घातलं. मग वरून. मग खालून. पानाचा एक बारीक तुकडा निघून नखात आला. पट्टी होती तिथेच होती.

“बाबा…” तो म्हणाला.

कुतुबबाबांनी त्याचं बोट हळूच पट्टीवरून बाजूला केलं आणि आपल्या मुठीत धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“हात पक्का झाला, बेटा.”