ओढ नसलेली जागा

“पण बुवा, मला दीक्षा द्यायला तुमचं अडतंय कुठं?”

सकाळपासून हेच चाललं होतं. मी मठातला स्वयंपाकी. हात भाकरीवर, कान ओसरीवर.

विचारणारे रंगनाथराव सोनटक्के, तालुक्याच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे. बुवाही पूर्वी त्याच शाळेत सर होते आणि रंगनाथराव त्यांचे विद्यार्थी. रंगनाथरावांची बायको शैलजाबाई भांडून माहेरी गेलेली, जिंतूरला. आठ वर्षांची मनूही तिच्याबरोबर. त्यांना आणायला जायचं सोडून गडी इथं भगवं मागायला आला. हसावं की रडावं, मला कळेना.

“बायको, लेक, नोकरी... कशाचीच ओढ उरली नाही आता,” ते म्हणाले. तेही असं, की जणू बक्षीसच मिळालंय.



ओसरीवर फळी मांडलेली होती. गावातल्या दहावीच्या मुली दुपारी बुवांकडे शिकायला येतात, त्यांच्यासाठी. फळीवर कागद, मधोमध पट्टीचुंबक, शेजारी होकायंत्र. सुईच्या टोकाशी ठिपका द्यायचा, होकायंत्र त्या ठिपक्यावर सरकवायचं, परत ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की चुंबकाची ओढ कुठून कुठं जाते ते कागदावर दिसतं. दीक्षेचं मग बघू, बुवा म्हणाले, आधी तेवढं चित्र पुरं कर.

रंगनाथरावांना ते लागलं. बारावीच्या पोरांना शिकवणारा माणूस, त्यानं ठिपके काढत बसायचं. पण बसले. हात सराईत होता, भराभर चालला. चुंबकापासून वीतभर अंतरावर मात्र सुई अडखळली. टिचकी मारावी तिकडं वळायची आणि तिथंच थांबायची.

रंगनाथरावांचा चेहरा खुलला.

“बघा बुवा. इथं क्षेत्र शून्य. सुईला कुणी ओढत नाही. माझं मन तंतोतंत असं झालंय.”

“कुणीच ओढत नाही?”

“नाही.”

बुवांनी चुंबक उचलला आणि पार विहिरीच्या काठावर नेऊन ठेवला.

सुई थरथरली, गर्रकन फिरली आणि उत्तरेला तोंड करून थांबली.

“फिरणारच,” रंगनाथराव म्हणाले. “पृथ्वीची ओढ होतीच की. चुंबक तिच्या उलट ओढत होता, तेवढ्याच जोरानं. म्हणून तर...”



बुवांना कधी घाई नसते. मी आपली भाकरी उलटली.

“तुझ्याकडं काय आहे?” बुवांनी हळूच विचारलं. “लेकीच्या उलट ओढणारं?”

रंगनाथरावांनी होकायंत्र बाजूला सारलं.

मग सगळं बाहेर आलं. शैलजाबाई चारचौघांत काय बोलल्या, यांनी कशी शपथ घेतली, की येईल तर ती येईल, मी जाणार नाही. मनू शाळेतून आली की दप्तर टाकून आधी यांच्या मोठ्या चपला पायात घालायची आणि घरभर फटकफटक फिरायची, म्हणाले. आता चपला काढल्या जागीच असतात, त्यांच्याकडं बघवत नाही.

“सर, पोरीवाचून जीव राहत नाही माझा.”

बुवा म्हणायचंही भान राहिलं नाही त्यांना. माझ्या डोळ्यांत तेवढ्यात धूर गेला, असं मी सांगतो.

बुवा आत गेले, रंगनाथरावांची पिशवी घेऊन आले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

रंगनाथराव पिशवीकडं बघत राहिले. हात काही पुढं होईना.

“आणि तिनं दारच उघडलं नाही तर?”

“तर बस पायरीवर,” बुवा म्हणाले. “इथं जन्मभर बसणारच होतास ना?”