डावीकडचा माईक

"दादाच्या जागी आता कोण उभं राहणार?"

हे मी आईला विचारलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. फादरना विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बँडमधल्या ड्रमवाल्या बस्त्यावला विचारलं, तर तो म्हणाला, "चहा घेतोस?"

म्हणून मी थेट एडी अंकलकडे गेलो.

एडी तुस्कानो आमच्या वसईत कुणाला माहीत नाहीत? आईच्या लग्नात लोक त्यांच्याच कॅसेटवर नाचले होते. आता केस पिकले, गुडघे गेले, तरी चमकीचा कोट घालून पॉप गातात. माझा सिल्वादादा त्यांच्या डावीकडे उभा राहून सेकंड गायचा. सेकंड म्हणजे मूळ चालीच्या खालून चालणारा दुसरा सूर. तो नसला तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं, पण काय चुकलं ते कळत नाही. पोस्टरवर दादाचं नाव कधी आलं नाही.

दादा काविळीने गेला. त्याच्यासाठी चर्चमध्ये होणारी महिन्याची मिसासुद्धा अजून व्हायची होती, आणि इकडे सणाचा शो लागला.

मैदानात साउंड चेक चालू होता. अंकल खुर्चीत बसून गिटारची तार बदलत होते.

"कुणाला घेतलंत त्याच्या जागी?"

"कुठली जागा?"

"तो डावीकडचा माईक."

"तो माईक आहे, अंतू."

"मला शिकवू नका! तिथे कुणाला उभं केलंत तर मी स्टेजवर चढेन. खेचून खाली आणेन त्याला."

"चढशील?"

"चढेन."

"बाजूचा जिना मोडलाय. पुढून चढ."

बस्त्याव ड्रमच्या मागे हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने काठ्या खाली ठेवल्या.

अंकल तार पिळत राहिले.

"तुम्ही रडलासुद्धा नाहीत," मी म्हणालो. "पुरायच्या वेळी मी बघत होतो. काळा चष्मा लावून नुसते उभे होतात."

"त्याचं सेकंड येतं तुला?" त्यांनी विचारलं.

"मला काही येत नाही. मी सातवीतून शाळा सोडली, चर्चच्या कॉयरमधून तर त्याच्याही आधी हाकलला. दादा अंघोळ करताना, मोटर दुरुस्त करताना, सारखं तेच गायचा. मी म्हणायचो, दादा, असलं अर्धं गाणं काय गातोस? आख्खं गा ना."

"मग काय म्हणायचा तो?"

"हसायचा."

अंकलनी तार छेडली. ती अजून उतरलेली होती.

"आज येशील ना?"

"पुढेच बसणार. लक्ष ठेवून."

"ठेव," ते म्हणाले.

संध्याकाळी मैदान भरलं. म्हाताऱ्या बायकासुद्धा केसांत अबोलीची वेणी माळून आल्या होत्या. पहिली गाणी नाचाची होती. अंकल मधल्या माईकवर गात होते. डावीकडचा माईक रिकामाच होता. दादा ताडासारखा उंच, त्याच्या मापाने वर केलेला तो माईक कुणी खाली केला नव्हता.

मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच राग आला.

मग मिठागराचं गाणं आलं. ते हळू आहे. त्यात सेकंड नसेल तर काहीच उरत नाही. बस्त्यावने काठ्या ठेवून ड्रमवर हळू फिरवायचे ब्रश हातात घेतले. गिटार वाजली.

आणि अंकल मधला माईक सोडून चालत डावीकडे गेले.

त्यांनी माईक खाली घेतला नाही. हनुवटी वर केली, त्या गुडघ्यांनिशी चवड्यांवर उभे राहिले, आणि गायला लागले.

दादाचं सेकंड.

नुसतं सेकंड. मधल्या माईकवर कुणीच नव्हतं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांना आख्खं गाणं पाठ होतं, त्यांनाही कुठून उचलावं कळेना.

"अंकल, चाल विसरलात!" मागून कुणीतरी ओरडलं.

"घरी जा, गोळी घ्या!"

मैदान हसलं. एक पोरगं तर मोबाईल वर धरून हसतच सुटलं.

अंकल थांबले नाहीत. हातभर अंतरावरून मला त्यांची मान थरथरताना दिसत होती. ते चुकत नव्हते. एक जागासुद्धा चुकत नव्हते. दादा न्हाणीघरात जिथे श्वास घ्यायचा, तिथेच ते श्वास घेत होते.

लोक अंकलना हसत नव्हते. ते दादाला हसत होते.

मी कसा उठलो मला माहीत नाही. पुढूनच चढलो. एक चप्पल खाली राहिली. बस्त्याव अर्धवट उठला. त्याला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला खेचणार.

मी मधला माईक धरला आणि मूळ चाल म्हणायला लागलो.

गायलो म्हणणं बरोबर नाही. मी ओरडलो. आवाज फाटला, पहिली ओळ तर अशी गेली की बैलानेसुद्धा कान हलवले असते. पण दुसऱ्या ओळीला खालून दादाचं सेकंड आलं आणि माझ्या ओळीला टेकलं.

...

हसणं थांबलं.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने रुमाल तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर सिल्वाचा भाऊ." ज्यांनी वर्षानुवर्षं दादाला ऐकलं होतं आणि तरी कधी ऐकलं नव्हतं, ते सगळे आता त्या खालच्या सुराकडेच कान लावून होते.

मला भीती वाटली. मी थांबलो तर दादाचं सेकंड पुन्हा एकटं पडेल. पुन्हा हसतील. म्हणून मी आणखी जोरात गायला लागलो. गळ्याच्या शिरा ताणून, डोळे मिटून, नाकातून पाणी गळत होतं तरी.

दोन ओळींच्या मध्ये अंकलनी तोंड माईकपासून बाजूला केलं. ते रडत होते, पण आवाज साधा होता.

"हळू, अंतू... तो गातोय."

मी आवाज खाली घेतला.