शेजारीण हाताला लागली की

अजून न उजाडलेल्या काळातली ही गोष्ट. कॅन्सर झालेल्या कुमुदताईंच्या रक्तात डॉक्टरांनी एक कणभर यंत्र सोडलं आणि बजावलं, "वाढत सुटलेली पेशी दिसली की संपव."

ताईंचं बोट नुकतंच विळीवर कापलं होतं. तिथली एक पेशी भराभर वाढताना पाहून यंत्राने सुई उगारली.

"अरे, जखम भरतेय मी! जखमेपलीकडची शेजारीण पेशी हाताला लागली की थांबेन."

यंत्र गोंधळलं. मारावं तर जखम उघडी राहणार, सोडावं तर डॉक्टर रागावणार. तसंच ते पोटातल्या गाठीपाशी गेलं.

"तू कधी थांबणार?"

"शेजारीण हाताला लागली की."

यंत्र आणखीच गोंधळलं. उत्तर तर तेच! त्याने आजूबाजूला पाहिलं.

"पण तुझ्या शेजारणी आहेत कुठे?"

गाठ नुसती चावत राहिली. तिचं तोंड भरलेलं होतं.